आजचा प्रश्न

महाराष्ट्रात जिल्हे किती?

हसू नका. या एका प्रश्नाने गेल्या वर्षी माझी झोप उडवली होती. मी इंजिनियर आहे, डिग्री आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे, दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घेतो. आणि तरीही मी एका मुलीला पाच महिने चुकीची उत्तरं शिकवली. तीसुद्धा रोज सकाळी सात वाजता, न चुकता, ऑटोमेट करून!

पण ही गोष्ट जिल्ह्यांपासून नाही, पाटीपासून सुरू होते.

आमची सोसायटी नाशिकरोडला, जेलरोडवर. चार मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्याखाली पाण्याच्या मोटारीशेजारी एक काळा फळा. त्यावर पूर्वी पाणी कधी येणार, मेंटेनन्स कुणाचा थकलाय असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. मग 3 जुलै 2000 ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि रात्री नऊला अख्खी बिल्डिंग टीव्हीसमोर बसायला लागली. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक काका तेव्हा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. त्यांना त्या कार्यक्रमाचं कौतुकही होतं आणि रागही. "चार पर्याय दिल्यावर काय, कुणीही सांगेल," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'आजचा प्रश्न : एक रुपयाच्या नोटेवर सही कोणाची असते?'

मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं बाबांकडून ऐकलेलं. बिल्डिंगमधली निम्मी माणसं प्रेसमध्ये कामाला, म्हणजे नोटांमध्ये आयुष्य गेलेली. तरी बहुतेकांनी 'रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर' असं लिहिलं आणि तोंडावर पडले. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं, म्हणून तिच्यावर सही असते अर्थ सचिवांची. काकांनी उत्तर लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली, 'रोज हाताळतो, पण वाचत नाही.' बस्स. तिथून ते झाले प्रश्नकाका.

नियम साधे होते. दिवसाला एकच प्रश्न. रविवारी आणि सणाला सुट्टी. उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि फळ्याखालच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. वेळ रात्री आठपर्यंत. पुस्तकात बघायचं नाही, मात्र माणसाला विचारलं तर चालेल. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं दुसऱ्या दिवशी गुलाबी खडूने. बक्षीस, लिमलेटची एक गोळी.

'माणसाला विचारलं तर चालेल' या नियमाची किंमत मला फार उशिरा कळली. माझं नाव गुलाबी खडूने पहिल्यांदा लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. प्रश्न होता, 'नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या तेव्हा रंगमंचावर कोणतं नाटक चालू होतं?' मी आईला विचारलं, आईने बाबांना, बाबांनी आजीला. आजी भाजी निवडत होती. मान वरही न करता म्हणाली, "शारदा." मी विचारलं, "तुला कसं माहीत?" तर म्हणाली, "नाशिकच्या माणसाला माहीत नसेल तर कोणाला असणार?" दुसऱ्या दिवशी उत्तराखाली काकांनी लिहिलं होतं, '21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर. जॅक्सनची बदली झाली होती, त्याच्या निरोपाचा प्रयोग होता. अनंत कान्हेरे तेव्हा विशीच्याही आतला.' मी आठवडाभर ती गोळी खाल्ली नाही, कंपासपेटीत ठेवली. शेवटी मुंग्यांनी खाल्ली.

असे कितीतरी प्रश्न. दादासाहेब फाळके कुठे जन्मले? (त्र्यंबकेश्वर, 1870.) महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला? (साल्हेर, आपल्याच बागलाण तालुक्यात.) कुसुमाग्रजांचा जन्म कुठला? या शेवटच्या प्रश्नाला डबाभर चिठ्ठ्या आल्या आणि जवळपास सगळ्यांवर 'नाशिक' किंवा 'शिरवाडे'. उत्तर, पुणे! बिल्डिंगमध्ये दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं :)

पुढे मी इंजिनियरिंगला पुण्याला गेलो, मग नोकरी लागली, मग हिंजवडीचं ट्रॅफिक. घरी महिन्यातून एकदा. फळ्याकडे बघायचो, पण चिठ्ठी टाकत नव्हतो. खिशात फोन असलेल्या माणसाला चिठ्ठी टाकायची लाज वाटते.

गेल्या वर्षी मे महिन्यात काका बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. चौथा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे खाली येणं बंद. बाबांचा फोन आला. तब्येत, पाऊस, गॅसचा नंबर, सगळं सांगून झालं आणि मग ठेवता ठेवता म्हणाले, "पाटी कोरी आहे रे महिनाभर."

आता आम्हा इंजिनियर लोकांचा एक रोग असतो. कुणी दुःख सांगितलं की आम्हाला ते रिक्वायरमेंट वाटतं. पुढच्याच वीकेंडला मी नाशिकला गेलो, काकांकडे गेलो, आणि म्हटलं, काका, मी तुमचे प्रश्न कॉम्प्युटरवर घेतो, रोज आपोआप सगळ्यांच्या फोनवर जातील. काका पलंगावर पडूनच हसले. "घे की. कपाटात वह्या आहेत."

अकरा रजिस्टरं! वर्षाला साधारण तीनशे प्रश्न, एका रजिस्टरात दोन वर्षं. प्रत्येक पानावर आखलेले चार रकाने, क्रमांक, प्रश्न, उत्तर आणि शेवटचा एक बारीक रकाना पेन्सिलीने भरलेला. मी पहिली तीन उचलली, म्हणजे जुलै 2000 ते 2006 चे अठराशे प्रश्न. दोन वीकेंड आणि काही रात्री बसून टाइप केले. चौथा रकाना सोडला. त्यात '4/01, इ.बु.' असलं काहीतरी किरटं लिहिलेलं होतं. मला वाटलं, काकांचा काहीतरी हिशेब असेल. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा क्लीन केला.

मी अगदीच बावळट नाही हं. जुन्या प्रश्नांची उत्तरं शिळी होतात एवढं मला कळत होतं. म्हणून मी फिल्टर लावला. ज्या प्रश्नात 'सध्या', 'विद्यमान', 'आजचे' असे शब्द आहेत ते सगळे उडवले. सध्याचे राष्ट्रपती कोण, विद्यमान राज्यपाल कोण, गेले. स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

बॉट जूनच्या मध्यात सुरू झाला. रोज सकाळी सातला, एक नाही, पाच प्रश्न! (एक का? अठराशे पडलेत की.) चार पर्याय, लगेच उत्तर, लगेच मार्क, आणि वर लीडरबोर्ड. पहिले दोन आठवडे जबरदस्त. पुणे-मुंबई-दुबईत गेलेली बिल्डिंगची पोरंसुद्धा खेळायला लागली. मी ऑफिसात टीमला डेमो दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरचा एक महाभाग सरासरी चार सेकंदांत पाचही उत्तरं द्यायला लागला. मग सगळेच गूगल करायला लागले. मग कोण गूगल करतं यावर भांडणं. मग सात वाजता फोन हातात धरून बसलेली ठराविक सात माणसं उरली. बाबा चष्मा शोधून, प्रश्न दोनदा वाचून उत्तर द्यायचे तोवर ते एकोणिसावे असायचे. हळूहळू त्यांनी खेळणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, "डोळे दुखतात."

तुम्ही वर्डल खेळला असाल. जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनियरने 2021 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, आणि दिवसाला एकच शब्द ठेवला. संपला की उद्यापर्यंत गप्प बसा. त्याला हजार शब्द देता आले नसते का? आला असता कंटाळा, एवढंच. अमेरिकेत लर्न्डलीग नावाची एक स्पर्धा आहे. तिथे हजारो लोक दिवसाला सहा प्रश्न सोडवतात, आणि उत्तर शोधून लिहायचं नाही हा नियम निव्वळ विश्वासावर चालतो. हे सगळं मी नंतर वाचलं. आमच्या जिन्याखाली हे दोन्ही शोध 2000 सालीच लागले होते, खडू आणि बिस्किटांचा डबा वापरून.

असो. खेळ मेला असता तर मी खांदे उडवून पुढे गेलो असतो. असे माझे किती प्रोजेक्ट मेलेत. पण एक खेळाडू असा होता ज्याचा मला पत्ताच नव्हता.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी मी घरी आलो. जिन्यात आमच्या वॉचमनकाकांची मुलगी भेटली. बारावी झालीय, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला ग्राउंडवर पळायला जाते, दिवसा एका दुकानात काम करते. हातात दोनशे पानी वही.

"दादा, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचार की."

"महाराष्ट्रात जिल्हे पस्तीस आहेत ना?"

मी म्हटलं, छे, छत्तीस. पालघर झाला की 1 ऑगस्ट 2014 ला.

ती एकदम गप्प झाली. मग वही उघडली. जूनपासूनचे सगळे प्रश्न, रोजचे पाच, तारखेसकट, रेघ मारून उतरवलेले. सातशेच्या वर. वडिलांच्या फोनवर यायचे, ती कामावर जायच्या आधी लिहून घ्यायची. "क्लासच्या पुस्तकात छत्तीसच होते," ती म्हणाली. "पण तुमचं कॉम्प्युटरवर पस्तीस आलं, म्हणून मी पुस्तकात खोडून पस्तीस केलं."

ज्यांनी हे वाक्य कधी ऐकलं नसेल त्यांना सांगतो, प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर मॅनेजरचा जो फोन येतो ना, तो याच्यापुढे काहीच नाही. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 मार्कांची आणि लेखी 100 मार्कांची असते. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. तिथे एका मार्कात किती मुलं उभी असतात हे कुणाही भरतीवाल्याला विचारा. तिची लेखी दीड महिन्यावर होती.

घरात जाऊन लॅपटॉप उघडला. बाबा बाजूला येऊन बसले. जिल्ह्यांचा प्रश्न शोधला, कोणी काय उत्तर दिलं ते बघितलं. सातच्या सात गूगलवीरांनी 36 दिलेलं. बॉटने सगळ्यांना चूक ठरवलेलं, आणि कुणालाही एका मार्कासाठी मला फोन करावासा वाटला नव्हता. आठवं उत्तर बाबांचं होतं. तेही 36. त्यापुढे लाल फुली. तारीख बघितली. त्यानंतर बाबांनी एकही उत्तर दिलेलं नव्हतं.

"बाबा, हे तुमचं बरोबर होतं."

"हो का?" ते म्हणाले. "मला वाटलं मीच विसरायला लागलो."

डोळे दुखत नव्हते तर.

रविवारी सकाळी आम्ही चौघं काकांच्या पलंगाभोवती बसलो. काका, बाबा, ती मुलगी आणि मी. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. काकांनी तिची वही घेतली, चाळली, आणि मला विचारलं, "चौथा रकाना कुठंय?"

मी म्हटलं, तो घेतला नाही.

"अरे, तीच तर तारीख. 4/01 म्हणजे एप्रिल 2001 ला तपासलं. इ.बु. म्हणजे इयर बुक." थोडं थांबून म्हणाले, "माझी उत्तरं चूक नव्हती रे इंजिनियर. तू तारीख काढून टाकलीस, म्हणून ती चूक झाली."

मग त्यांनी अकरावं रजिस्टर मागून उघडायला सांगितलं. शेवटची चाळीसेक पानं, वर ठळक 'दुरुस्ती'. कुठल्या वहीतल्या कितव्या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं, त्याची यादी. पालघर तिथे होता. मी ते रजिस्टर उघडलंच नव्हतं.

दिवसभर तपासणी चालली. ती प्रश्न वाचायची, काका दुरुस्तीच्या यादीत बघायचे, बाबा तिच्या क्लासच्या पुस्तकातून आणि सरकारी साइटवरून खात्री करायचे, मी डेटाबेस दुरुस्त करायचो. ग्रह नऊ होते, ते 2006 मध्ये प्लूटोला काढल्यावर आठ झाले. आठव्या अनुसूचीतल्या भाषा अठरा होत्या, 92 व्या घटनादुरुस्तीनंतर बावीस झाल्या. कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या लाराच्या 375 होती, ती हेडनची 380 झाली आणि 2004 मध्ये पुन्हा लाराची, 400. मराठीला ज्ञानपीठ दोन होते, खांडेकर आणि कुसुमाग्रज. आता करंदीकर आणि नेमाडे धरून चार. कळसूबाई आहे तिथेच आहे, 1646 मीटर, पण तिच्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं.

सगळ्यात गंमत राज्यांची. 2001 मध्ये 28, बरोबर. 2014 मध्ये तेलंगण झालं, 29. 2019 मध्ये जम्मू-काश्मीर राज्य राहिलं नाही, पुन्हा 28. म्हणजे माझ्या बॉटने दिलेलं उत्तर बरोबर होतं, निव्वळ नशिबाने. आकडा तोच, यादी वेगळी. असला बग टेस्टिंगमध्ये कधीच सापडत नाही.

आणि चित्ता. 'भारतातून नामशेष झालेला मोठा मांसाहारी प्राणी कोणता?' 1952 मध्ये तसं जाहीर झालं. पण 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातले आठ चित्ते कुनोत सोडले. आता काय करायचं? प्रश्न उडवायचा? काका म्हणाले, "'झालेला'च्या जागी 'झाला होता' कर. उत्तर नाही बदललं, प्रश्नाचा काळ बदलला."

माझा 'सध्या' वाला फिल्टर मला तेव्हा आठवला. कुठल्याही उत्तरावर 'सध्या' असा शिक्का नसतो. तो आपण धरून चालायचा असतो. ग्रह नऊ लिहिताना कुणी 'सध्या नऊ' लिहितं का?

संध्याकाळी हिशेब झाला. सातशे साठ प्रश्नांत एकसष्ट उत्तरं शिळी.

फ्रेड वर्थ नावाच्या एका अमेरिकन माणसाने पूर्वी सामान्य ज्ञानाचा कोश लिहिला होता. आपली माहिती कुणी चोरली तर कळावं म्हणून त्याने त्यात एक खोटं उत्तर मुद्दाम पेरलं, टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. ट्रिव्हियल परस्यूट या खेळात नेमकं तेच उत्तर आलं आणि त्याने 1984 मध्ये दावा ठोकला. तो हरला. माहितीवर कुणाची मालकी नसते, असं कोर्टाने सांगितलं. हा किस्सा मी काकांना सांगितला. त्यांना मनापासून आवडला. म्हणाले, "त्याने एक पेरलं, तू एकसष्ट. आणि तुझं तर पीकही आलं."

त्या मुलीने एकसष्ट ठिकाणी लाल पेनाने दुरुस्ती केली. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "दादा, आता हे एकसष्ट मी कधीच विसरणार नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

तुम्हाला आता ती भरती झाली असं ऐकायचं असणार. नाही झाली. मैदानीत चांगले मार्क पडले, लेखीत चार मार्कांनी नाव गेलं. मी विचारलं, त्यातला एखादा माझा होता का? ती म्हणाली, नाही, गणित राहिलं. खरं असेल. तिची तरी खात्री आहे, माझी नाही, आणि हे मला असंच घेऊन जगायचं आहे. ती पुन्हा पहाटे पाचला पळतेय. मी दर शनिवारी फोनवर तिला शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकवतो. तिथे निदान उत्तरं बदलत नाहीत.

बॉट मी बंद केला. डेटाबेस आहे, त्यात आता चौथा रकानाही आहे. काका रात्री त्यातला एक प्रश्न निवडतात, आणि सकाळी पळून आल्यावर ती मुलगी तो फळ्यावर लिहिते. तिचं अक्षर काकांसारखंच गोल आहे. उत्तराखाली आता तारीख असते. डबा नवा आणला, जुना गंजला होता.

परवा शनिवारी घरी गेलो तेव्हा फळ्यावर गुलाबी खडूने तीन नावं होती. तिसरं बाबांचं. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत. चहा पिताना त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढली, अर्धी तोडली आणि मला दिली.

आजचा प्रश्न : फळ्यावर कालचा अजून पुसलेला नाही, तोच देतो. 'पाच रुपयांच्या नोटेवर सही कोणाची?' फोन खाली ठेवा. माणसाला विचारलं तर चालेल.